खोक्याचा पडदा पाटीसारखा कसा झाला?

शाळेच्या संगणक कक्षातला जुना, खोक्यासारखा मॉनिटर काढून त्या जागी सपाट मॉनिटर बसवला की टेबलावर हातभर जागा मोकळी होते. जुने पंधरा-सोळा किलोचे धूड उचलताना कंबर सांभाळावी लागे. नवा मॉनिटर सातवीतली मुलगीही सहज उचलते. विजेचे बिलही थोडे उतरते. एवढे सगळ्यांना दिसते आणि बहुधा विषय तिथेच संपतो. पण वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, "सर, मागचा भाग गेला कुठे? तो नसतानाही चित्र दिसतं, तर मग इतकी वर्षं तो होता कशासाठी?"

प्रश्न फार चांगला आहे. जुना आणि नवा मॉनिटर ही एकाच यंत्राची जाड आणि बारीक रूपे नाहीत. दोघांची चित्र काढण्याची रीतच वेगळी आहे. जुना पडदा स्वतः प्रकाश निर्माण करतो. नवा पडदा मागून येणारा प्रकाश हवा तिथे अडवतो. हा एक फरक नीट समजला की जागा, वजन, वीज, डोळ्यांना होणारा त्रास आणि शेवटी जुन्या मॉनिटरचे करायचे काय, या सर्वांची उत्तरे त्यातूनच निघतात. कशी, ते पाहू या.

मागे एवढी जागा कशासाठी?

जुन्या मॉनिटरच्या पोटात नरसाळ्याच्या आकाराची काचेची मोठी नळी असते. ही कॅथोड किरण नलिका, म्हणजेच सीआरटी. विद्युतप्रवाहातील जलद बदल डोळ्यांना दिसावेत म्हणून कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये अशी नळी तयार केली. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण म्हणजे ऋण प्रभार असलेल्या कणांचा झोत आहे, हे प्रयोगांनी दाखवून दिले. हेच कण पुढे इलेक्ट्रॉन म्हणून ओळखले गेले. पाठ्यपुस्तकात आपण थॉमसन यांच्या ज्या नळीची आकृती काढतो, तिचीच ही वंशज.

नळीच्या निमुळत्या मानेत कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. रंगीत मॉनिटरमध्ये सुमारे २० ते २५ हजार व्होल्टचा दाब त्यांना पडद्याकडे खेचतो. २५ हजार व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ९० हजार किलोमीटर होतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तीन दशांश! मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वळवला जातो. पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फर नावाच्या पदार्थांचा लेप असतो. इलेक्ट्रॉन आदळला की त्या ठिकाणी लाल, हिरवा किंवा निळा प्रकाश उमटतो. आपण वहीत ओळीमागून ओळ लिहितो तसा हा झोत पडद्यावर चित्र 'लिहितो'. चित्रात ७६८ ओळी असतील आणि ते सेकंदाला ६० वेळा लिहायचे असेल, तर सेकंदाला ४६ हजारांहून अधिक ओळी झाल्या.

आता मागच्या जागेचे कोडे सुटते. भिंतीला अगदी चिकटून उभे राहून पिचकारीने तिचे चारही कोपरे भिजवता येत नाहीत. चार पावले मागे सरावे लागते. इलेक्ट्रॉनच्या झोताचेही तसेच. तो एका मर्यादेपलीकडे वळवता येत नाही, म्हणून मान पडद्यापासून दूर ठेवावी लागते. पडदा मोठा, तर नळीही लांब.

वजनाचे कारण वेगळे आहे. इलेक्ट्रॉनची वाट हवेच्या रेणूंनी अडू नये म्हणून नळी निर्वात असते. १७ इंची मॉनिटरचा दिसणारा पडदा साधारण ३२ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच असतो. क्षेत्रफळ झाले ७६८ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा दाब सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका धरला, तर पडद्याच्या काचेवर पाऊण टनाहून अधिक भार सतत पडत असतो. काच जाड हवीच. शिवाय वेगवान इलेक्ट्रॉन आदळल्यावर थोडे क्ष-किरणही निर्माण होतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून नरसाळ्याच्या काचेत शिसे मिसळलेले असते. हे शिसे ध्यानात ठेवू या. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

द्रव, तरीही शिस्तीचा

सपाट पडद्याची कथाही जुनीच आहे. १८८८ मध्ये फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थात विचित्र गोष्ट दिसली. तो पदार्थ १४५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८ अंशांच्या सुमारास पुन्हा एकदा बदलून स्वच्छ झाला. जणू त्याला दोन वितळणबिंदू होते! ओटो लेहमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने या गढूळ अवस्थेचा अभ्यास केला, आणि अशा पदार्थांना 'द्रव स्फटिक' हे नाव मिळाले.

नाव विरोधाभासी वाटते, पण नेमके आहे. मॉनिटरमधल्या द्रव स्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असतात. नदीतून वाहत जाणारे ओंडके एकमेकांजवळून सरकत असतात, तरी बहुतेकांची तोंडे एकाच दिशेला असतात; तसेच हे रेणू. ते द्रवाप्रमाणे वाहतात आणि स्फटिकाप्रमाणे दिशा पाळतात. महत्त्वाचे म्हणजे थोडासा विद्युतदाब दिला की ते आपली दिशा बदलतात.

याचा प्रकाशाशी संबंध कसा, हे समजण्यासाठी ध्रुवित प्रकाश आठवू या. खिडकीच्या दोन उभ्या गजांमधून दोरी ओवून ती वरखाली हलवली तर लाट पलीकडे जाते. डावीउजवीकडे हलवली तर गजांशी अडते. पोलरॉइडचा पापुद्रा प्रकाशाच्या बाबतीत असेच करतो. एकाच दिशेची कंपने पुढे सोडतो. दोन पोलरॉइड एकमेकांशी काटकोनात ठेवले तर प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो.

या दोन काटकोनी पोलरॉइडांच्या मध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर ठेवतात. थराची जाडी सुमारे पाच मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग. रेणूंची मांडणी जिन्याच्या गोल पायऱ्यांसारखी असते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती ९० अंशांनी वळत जाते. त्यातून जाताना प्रकाशाच्या कंपनांची दिशाही ९० अंशांनी वळते आणि तो दुसऱ्या पोलरॉइडमधून पार होतो. खिडकी उघडी! आता काही व्होल्टचा दाब दिला की रेणू ताठ उभे राहतात, पीळ नाहीसा होतो आणि प्रकाश अडतो. खिडकी बंद. दाब मधला ठेवला तर खिडकी अर्धवट उघडी. ही रचना १९७० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी सिद्ध केली. रेणूंच्या इतर मांडण्याही आता वापरतात, पण प्रकाश अडवण्याचे तत्त्व हेच.

चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी, म्हणजे पिक्सेलसाठी, अशा तीन खिडक्या असतात. त्यांच्यावर लाल, हिरवा आणि निळा असे गाळणीचे रंग. १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर २३,५९,२९६ खिडक्या होतात आणि प्रत्येकीला स्वतःचा सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. लांबून मारा करणारा झोतच नसल्यामुळे मागच्या लांबीची गरज उरत नाही.

या कथेत एक भारतीय दुवाही आहे. १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काडीऐवजी चकतीसारखे रेणू असलेल्या द्रव स्फटिकांचा शोध लावला. सपाट पडदा बाजूने पाहिला की रंग बिघडतात. हा दोष कमी करण्यासाठी पुढे जे पापुद्रे वापरले गेले, त्यांत अशा चकतीसारख्या रेणूंचा उपयोग झाला.

व्यवहारात काय बदलते?

जुन्या पडद्यावर फॉस्फरची चमक क्षणात विझते, म्हणून चित्र पुन्हापुन्हा लिहावे लागते. ही गती कमी असली तर पडदा लुकलुकतो आणि डोळे शिणतात. नव्या पडद्याची खिडकी पुढचा हुकूम येईपर्यंत आहे तशी राहते. लुकलुक जाणवत नाही ती यामुळे.

विजेचा हिशेब घेऊ. १७ इंची जुना मॉनिटर साधारण ७० ते १०० वॅट वीज घेतो. एलईडी दिव्यांचा १९ इंची सपाट मॉनिटर १५ ते २५ वॅट. मॉनिटरमागे ६० वॅटची बचत धरू. २० मॉनिटर, रोज ५ तास आणि वर्षाचे २२० दिवस, असा गुणाकार केला तर वर्षाला १,३२० युनिट वीज वाचते. आपल्या शाळेचे आकडे घालून हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे.

एक सवय मात्र बदलायला हवी. जुन्या पडद्यावर काळे चित्र म्हणजे कमी इलेक्ट्रॉन आणि कमी वीज. सपाट पडद्यात मागचा दिवा साधारणपणे तसाच जळत राहतो. काळ्या चित्रात त्याचा प्रकाश फक्त अडवलेला असतो. म्हणून हलत्या चित्रांचा 'स्क्रीन सेव्हर' लावून वीज वाचत नाही. काही मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल, अशी योजना करावी.

आणखी दोन गोष्टी. सपाट पडद्यातील खिडक्यांची संख्या ठरलेली असते. संगणकात नेमकी तीच संख्या निवडली नाही तर अक्षरे पुसट दिसतात. दुसरे जोडणीचे. जुन्या संगणकाला अनेकदा फक्त पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी असते. मॉनिटर घेताना त्याला ती आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा कन्व्हर्टर लागतो. उलट दिशेचा चालत नाही.

करून पाहू या

शाळेतला शेवटचा जुना मॉनिटर जाण्याआधी दोन्ही पडदे शेजारी चालू ठेवून एक तास घ्यावा.

१. दोन्हींवर पांढरे चित्र आणून भिंगातून पाहावे. पांढरा रंग कुठेच नसतो! दिसतात ते फक्त लाल, हिरवे आणि निळे ठिपके किंवा पट्ट्या.

२. पोलरॉइड काचेचा गॉगल पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावा. सपाट पडदा एका कोनात काळा होतो. जुना होत नाही. का? जुन्याचा प्रकाश ध्रुवित नसतो. मग सपाट पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरावी. तिच्यात रंगांचे पट्टे उमटतात. मॉनिटर नसल्यास साध्या कॅल्क्युलेटरवरही गॉगल फिरवून आकडे दिसेनासे होताना पाहता येतात.

३. खोलीत अंधार करून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल भरभर हलवावी. जुन्यासमोर एकीच्या अनेक सुट्या पेन्सिली दिसतात, कारण प्रकाश थांबून थांबून येतो. सपाट पडद्यासमोर बहुधा एकसंध पुसट पट्टा दिसतो. काही एलईडी पडदे उजेड कमी केल्यावर अतिशय जलद लुकलुकतात. तिथे वेगळे दिसू शकेल.

मॉनिटर मात्र कोणीही, शिक्षकांनीही, उघडू नये. जुन्या नळीत वीज बंद केल्यावरही धोकादायक विद्युतप्रभार साठून राहू शकतो आणि निर्वात नळी फुटली तर काचा दूरवर उडतात.

जुन्याचे काय करायचे?

आता त्या शिशाकडे येऊ. एका जुन्या मॉनिटरमधले शिसे किलोच्या हिशेबात मोजावे लागते. काच अखंड आहे तोवर त्याचा त्रास नाही. पण भंगारात गेलेल्या मॉनिटरमधून किंमत येते ती मुख्यतः तांब्याच्या वेटोळ्यांची. ती काढताना नळी फुटते आणि काचेचा ढीग उकिरड्यावर जातो. तिथून शिसे मातीत आणि पाण्यात उतरू शकते. फोडणाऱ्याच्या अंगावर तर धूळ थेट येते. शिशाने लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा होते, हे निश्चितपणे सिद्ध झालेले आहे. शाळेने वाचवलेल्या विजेची किंमत दुसऱ्या वस्तीतल्या मुलांनी का मोजावी?

भारतात ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अशा वस्तूंवर प्रक्रिया करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मॉनिटर अशा नोंदणीकृत संस्थेकडेच द्यावा आणि पावती घेऊन दप्तरी ठेवावी. भंगारवाल्याने दोन पैसे जास्त देऊ केले तरी मोह टाळावा. तोवर मॉनिटर कोरड्या जागी, न फोडता, पडदा खाली येणार नाही असा ठेवावा.

नवा मॉनिटरही अगदी निर्दोष नाही. एलईडीच्या आधीच्या सपाट मॉनिटरांत मागच्या दिव्यांमध्ये थोडा पारा असतो. तेही जुने झाल्यावर याच वाटेने पाठवायला हवेत. चालू स्थितीतला मॉनिटर केवळ नवा आणायचा म्हणून काढू नये, हेही यातच आले.

वरचे प्रयोग वर्गात अवश्य करावेत आणि मुलांना जे वेगळे दिसेल, ते आम्हाला जरूर कळवावे.