पाणी तापण्याआधी बंद होणारा गिझर

मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जाणाऱ्या सोलापुरात घर तापवणारं यंत्र कोणी विकत घेत नाही. इथे तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, त्या दिवसांत पहाटेचा गारठा बोचू लागतो आणि गिझर दुरुस्त करणाऱ्यांकडे एक तक्रार हमखास येते: "लाल दिवा पाच मिनिटांत जातो, पाणी मात्र कोमटच." अशा वेळी घरात पहिली चर्चा होते ती नवा गिझर घेण्याची. मला या यंत्राची बाजू मांडायची आहे. वेळेआधी बंद होणारा गिझर बहुतेकदा मोडलेला नसतो. त्याच्यापर्यंत पोचणारी खबर चुकीची असते.

गिझरच्या आधी घरोघरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत तुराट्या, बुरकुंडं, लाकडाच्या ढलप्या घालायच्या आणि पाणी तापलं का ते बोट बुडवून पाहायचं. बंबाला स्वतःहून थांबणं ठाऊक नव्हतं, जळण संपलं की तो थांबायचा. विजेच्या गिझरनं थांबण्याचा हा निर्णय माणसाकडून काढून घेतला आणि टाकीच्या तळाशी बसवलेल्या एका बारीक दांडीवर सोपवला.

ही दांडी म्हणजे थर्मोस्टॅट. बाहेर पितळेची नळी, आत इन्व्हारची काडी. इन्व्हार हा लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ तेवढंच राहतं. दोघांच्या लांबीत पडलेल्या केसभर फरकानं स्विच उघडतो आणि कॉइलची वीज तुटते. इन्व्हार 1896 मध्ये शार्ल एदुआर गीयोम यांनी शोधून काढला आणि 1920 सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना अशाच मिश्रधातूंच्या कामासाठी मिळालं. ज्या दांडीला मेकॅनिक 'साधा पार्ट' म्हणतो, तिच्यामागे एवढं शास्त्र उभं आहे.

आता हिशेब पाहू. 25 लिटरची टाकी, 2000 वॅटची कॉइल आणि 25 अंशांचं पाणी असेल तर 60 अंशांपर्यंत जायला साधारण अर्धा तास लागतो. 15 लिटरच्या टाकीला अठरा-एकोणीस मिनिटं पुरतात. टाकी पूर्ण गार असताना, नळ बंद ठेवून, बटण दाबल्यापासून दिवा जाईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावा. कुठलाही पार्ट बदलण्याआधी ही एवढी तपासणी कोणालाही करता येते. वेळ या हिशेबाच्या आसपास असेल तर गिझर ठीक आहे, टाकीच घराला लहान पडते आहे. पंधरा लिटर कडक पाण्यात गार पाणी मिसळलं की आंघोळीजोगं पाणी पस्तीसेक लिटरच होतं. चौघांच्या घरात तिसऱ्याला गार पाणी येणारच. पण दिवा पाच-सात मिनिटांत गेला आणि नळाला कोमट पाणी आलं, तर आधी थर्मोस्टॅटची चकती कोणी कमी करून ठेवली आहे का ते पाहावं. तसं नसेल, तर सोलापुरात पहिला संशय घ्यायचा तो चुन्याचा.

हे शहर दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर बसलं आहे. या खडकाच्या भेगांतून झिरपणारं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन बोअरमध्ये येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतं आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. शहराला उजनीचं पाणी मिळतं, पण वर्षानुवर्षं ते काही दिवसांआड येत आल्यामुळे वापरायला बोअरचं पाणी ही कितीतरी घरांची सवय झाली आहे. गार असताना हे क्षार विरघळलेले असतात, दिसत नाहीत. तापवलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं आणि कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, थर कॉइलवर बसतो. पाणी जितकं कडक तापवाल तितका थर लवकर चढतो.

हा थर तांब्याच्या मानानं शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. कॉइल आतून तापत राहते, पाण्याला ती उष्णता नीट पोचत नाही. थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, म्हणून जुन्या गिझरमधून कडकड असा आवाज येतो. पुढे थराचे पापुद्रे गळून तळाशी साचतात, कॉइल आणि थर्मोस्टॅटच्या दांडीमधली जागा भरून टाकतात. तिथलं पाणी फिरायचं थांबतं. दांडीला भोवतीची ती कोंडलेली उष्णताच कळते, वरच्या वीस लिटर गार पाण्याची तिला खबरही नसते. ती आपलं काम चोख करते आणि वीज तोडते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत हाच दोष घर तापवणाऱ्या भट्टीच्या रूपानं भेटतो. हवेचा फिल्टर धुळीनं बुजला की भट्टीतली उष्णता बाहेर पडत नाही, आतला लिमिट स्विच तापतो आणि खोल्या गार असतानाच बर्नर विझतो. तिथे धूळ, इथे चुना.

उपाय स्वस्त आहे. मेन स्विच बंद करून टाकी रिकामी करायची, तळाची पाटी कॉइलसकट उतरवायची, चिखल काढायचा आणि कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. तेजाब ओतून पाच मिनिटांत काम उरकणाऱ्याला मी तरी गिझरला हात लावू देणार नाही, कारण चुन्याबरोबर धातूही खाल्ला जातो. पाटी उघडलीच आहे तर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉडही पाहून घ्यावा. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, आणि संपला की बदलावाच लागतो. हे काम वायरिंग आणि अर्थिंग समजणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावं.

थर्मोस्टॅटच्या मागे आणखी एक पहारेकरी असतो, तो म्हणजे कटआउट. थर्मोस्टॅट चिकटून बसला आणि पाणी मर्यादेपलीकडे तापलं, तर कटआउट उडतो. थर्मोस्टॅट पाणी निवलं की आपणहून परत जोडला जातो. कटआउट बहुतेक मॉडेलमध्ये बटण दाबूनच परत बसवावा लागतो. म्हणून गिझर बंद झाल्यावर तासाभरानं स्वतः सुरू होत असेल तर दोष एका जागी आहे आणि मेल्यासारखा पडून राहत असेल तर दुसऱ्या. कटआउट पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्यानं तुम्हाला वाचवलेलं असतं.

अशा वेळी काही जण सांगतात, "डायरेक्ट करून देतो, परत बंद पडणार नाही." म्हणजे थर्मोस्टॅट आणि कटआउट दोन्ही वगळून वीज थेट कॉइलला. मग पाणी उकळत राहतं, दाब वाढतो, आणि त्याच चुन्यानं सेफ्टी व्हॉल्व्हही बुजलेला असेल तर टाकी फुटते.

गॅस गिझरची गोष्ट आणखी गंभीर. तो मध्येच विझण्याची साधी कारणं म्हणजे उतरलेले सेल, गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा कमी दाब, ज्योत ओळखणाऱ्या काडीवरची काजळी. बऱ्याच मॉडेलमध्ये वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय कंपनीनंच केलेली असते, तो दोष नव्हेच. पण बंद न्हाणीघरात हवा कोंडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्यानं माणसं दगावली आहेत. अशा न्हाणीघरात गिझर विझत असेल तर तो पुन्हा पेटवू नका, आधी दार उघडून बाहेर या. गॅस गिझरची जागा न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

वाचकांना एक विनंती. या वर्षी दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी, मेकॅनिकांची धावपळ सुरू होण्यापूर्वी, गिझर उघडून चुना काढून घ्या. आणि कोणी 'डायरेक्ट' करून देतो म्हणाला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा.