बाळू पालवणकर : चार रुपये पगाराचा गोलंदाज

आमच्या नांदेडकडं मधल्या सुट्टीत मैदानावर बघा. ज्याची बॅट, त्याची बॅटिंग. उरलेली पोरं चेंडू टाकत राहतात. बाळू पालवणकरांची गोष्ट तिथूनच सुरू करता येते.

जन्म 1876, धारवाडचा. घराणं कोकणातलं, समाज चांभार. वडील लष्करात नोकरीला. इंग्लंडमध्ये 1885 पासून फुटबॉल खेळण्याचे पैसे घेणं नियमात बसलं, गिरणीतली पोरं पगारी खेळाडू झाली. आपल्याकडं मात्र बाळूंना पगार मिळत होता तो मैदान झाडण्याचा, रोलर फिरवण्याचा! पुण्याच्या पारशी क्लबात महिना तीन रुपये, पुढं 1892 च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार.

तिथं सरावाला ते साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामी फलंदाज बाद झाला की बाळूंना आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. घाम गाळायचं काम ते नोकराचं, फटके मारायचे ते साहेबानं. असा घडला हा डावखुरा फिरकी गोलंदाज.

साहेबांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबानं त्यांना संघात घेतलं. काही सभासदांचा विरोध होताच. मैदानावर चेंडू एकच, सगळ्यांच्या हाताला लागणारा. चहाची वेळ झाली की बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं. मुलांना हा भाग सांगताना गडबड करू नका. ती स्वतःच विचारतात, "सर, मग चेंडू कसा चालायचा?"

पुढं ते मुंबईला गेले, रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 मध्ये हिंदू संघानं युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्या संघात ते होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

एवढं करूनही कर्णधारपद काही मिळालं नाही. 1920 मध्ये त्यावरून वाद पेटला, भावांनी निषेध केला. शेवटी उपकर्णधारपद पदरात पडलं. ते पद घरात आलं 1923 साली, धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले तेव्हा.