उसन्या पाण्यावरचे स्वातंत्र्य

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल या सधन शहराने १ जानेवारी २०२३ रोजी आपल्या हद्दीबाहेरील एका वस्तीचे पाणी बंद केले. रिओ व्हर्डे फूटहिल्स हे त्या वस्तीचे नाव. तेथे बहुतेकांच्या घरी नगरपालिकेचा नळ मुळातच नव्हता. कित्येकांच्या जमिनीखाली विहिरीला पुरेसे पाणीही नव्हते. शहराच्या केंद्रावर टँकर भरायचा आणि डोंगरपायथ्याच्या कच्च्या रस्त्यांनी नेऊन घराघरांच्या अंगणातील टाकीत ओतायचा, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. वस्ती सुमारे दोन हजार घरांची आणि त्यांपैकी पाचशेहून अधिक घरे या टँकरांवर विसंबलेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो शिरस्ता मोडला आणि लाखो डॉलर किमतीच्या घरांतील माणसे कागदी थाळ्यांत जेवू लागली, पावसाचे पाणी बादल्यांत धरून शौचकूपांसाठी वापरू लागली. टँकर दूरदूरच्या गावांहून येऊ लागले व पाण्याचा खर्च पूर्वीच्या कित्येक पटींनी वाढला. श्रीमंतांची फजिती म्हणून या घटनेकडे पाहून हसणे सोपे आहे. परंतु वाळवंटात उपनगरे वसविण्याच्या साऱ्या कल्पनेचीच त्या दिवशी कसोटी लागली होती, हे विसरून चालणार नाही.

या वाळवंटात मनुष्यवस्ती नवी नाही. सॉल्ट नदीच्या खोऱ्यात होहोकाम लोकांनी शतकानुशतके कालवे खोदून शेती केली. पंधराव्या शतकाच्या सुमारास त्यांची गावे ओस पडली. १८६७ नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच जुन्या कालव्यांच्या खुणा धरून पाणी फिरवले आणि राखेतून पुन्हा उठणाऱ्या पुराणप्रसिद्ध पक्ष्याचे नाव आपल्या गावाला दिले. तेच आजचे फिनिक्स. पुढे १९११ साली रूझवेल्ट धरण पुरे झाले. त्या धरणाची कथा आजच्या उपनगरवासीयांनी आवर्जून वाचावी अशी आहे. खोऱ्यातील शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये संघ स्थापन केला, आपापल्या जमिनी केंद्र सरकारकडे तारण ठेवल्या आणि त्या सामुदायिक पतीवर धरणाचा पैसा उभा केला. ज्या जमिनी तारण पडल्या, त्यांनाच त्या पाण्याचा हक्क मिळाला. वाळवंटात पाणी एकट्यादुकट्याला मिळत नाही, ही गोष्ट त्या शेतकऱ्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. कारखाने आले, हवा थंड करणारी यंत्रे घरोघर पोचली आणि ज्या उन्हाला माणसे भीत होती, त्याच उन्हाची जाहिरात होऊ लागली. १९५० साली फिनिक्सची लोकसंख्या एक लाखाच्या थोडी पुढे होती. २०२० साली ती सोळा लाखांवर गेली. स्कॉट्सडेलला १९५१ मध्ये शहराचा दर्जा मिळाला तेव्हा तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. २०२० च्या जनगणनेत ती दोन लाख एकेचाळीस हजार भरली. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने १ जानेवारी १९६० रोजी कापसाच्या शेतांवर सन सिटी ही केवळ वृद्धांसाठीची वसाहत खुली केली, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत लाखभर लोक ती पाहण्यास लोटले. तेथे गोल्फचे मैदान होते, करमणुकीची केंद्रे होती, दुकाने होती. नगरपालिका मात्र नव्हती आणि रहिवाशांना ती नकोही होती. शाळांसाठी कर देण्यासही पुढे त्यांनी विरोध केला. या उपनगरांचा स्वभाव येथेच घडला. घर हवे, ऊन हवे, मोकळे आकाश हवे. शेजाऱ्याशी बांधून ठेवणारे शासन तेवढे नको.

तथापि सन सिटीच्या पिढीचे पाण्यावाचून अडले नाही, यालाही कारण आहे. कापसाच्या शेताला जेवढे पाणी लागे, त्याहून कमी पाण्यात त्याच जमिनीवरील घरे भागतात. शेत गेले व घर आले, तरी पाण्याचा हिशेब कोलमडत नाही. उपनगरे शेतजमिनी ओलांडून निवडुंगांच्या कोऱ्या माळावर चढली, तेव्हा हा हिशेब चुकला. त्या माळाला धरणाचा हक्क नव्हता. त्याच्या वाट्याला होते ते जमिनीखालचे पुरातन पाणी, जे उपसले की सहजासहजी पुन्हा भरत नाही.

राज्यकर्त्यांनी हा धोका ओळखला नव्हता असे नाही. १९८० साली ॲरिझोनाने भूजलाचा कायदा केला. त्यातून आलेल्या नियमांनुसार फिनिक्ससारख्या प्रदेशात सहा किंवा अधिक भूखंड पाडून विकणाऱ्याला शंभर वर्षे पुरेल इतक्या पाण्याची शाश्वती दाखवावी लागते. असा दूरदर्शी नियम जगात फारच थोड्या ठिकाणी आढळेल. परंतु सहा या आकड्यातच त्याचे मर्मस्थान होते. पाचच भूखंड पाडले की नियम लागू नाही! मग एकाने पाच पाडावेत, ते घेणाऱ्याने आपल्या भूखंडाचे पुन्हा तुकडे करावेत आणि कायद्याच्या नजरेआड बघता बघता अख्खे गाव उभे राहावे, हा प्रकार सुरू झाला. आपल्याकडे ज्याला गुंठेवारी म्हणतात त्याचाच हा धनिक अवतार. फरक इतकाच की येथे भूखंड गुंठ्यांचे नसून एकरांचे होते आणि अंगणात घोडे बांधलेले होते.

रिओ व्हर्डे फूटहिल्स ही अशीच वाढलेली वस्ती. तेथे राहण्यातील सुख खोटे म्हणता येणार नाही. पाठीशी मॅकडॉवेल डोंगर, रात्री चांदणे पुसून टाकणारे दिवे नाहीत, शहराचा कर नाही आणि शहर मात्र हाकेच्या अंतरावर. तथापि पाणी त्याच शहराचे होते. त्या शहराचेही पाणी बव्हंशी दूरच्या कोलोरॅडो नदीचे. सुमारे ५४० किलोमीटर लांबीचा कालवा ते जवळजवळ ८८० मीटर उंच चढवीत राज्याच्या अंतर्भागात आणतो. या कालव्याला १९६८ साली मंजुरी मिळवताना ॲरिझोनाने टंचाईत कॅलिफोर्नियाच्या मागे उभे राहण्याचे मान्य केले होते. १९२२ च्या करारात नदीचे पाणी वाटले गेले तेच मुळी विशेष पावसाच्या वर्षांचा प्रवाह प्रमाण धरून. ऑगस्ट २०२१ मध्ये नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्यात अठरा टक्के कपात झाली. आपल्या नागरिकांना काटकसर करायला सांगणाऱ्या शहराने मग हद्दीबाहेरचे टँकर थांबविण्याचे ठरविले व तशी सूचना आगाऊ दिली.

या सूचनेनंतर वस्तीने काय केले, हे अधिक उद्बोधक आहे. काही रहिवाशांनी स्वतःचा सार्वजनिक पाणीपुरवठा संघ काढण्याची योजना मांडली. इतरांनी तिला कडाडून विरोध केला. आणखी एक सरकार उरावर कशाला, त्याला कर लावण्याचे आणि जमीन घेण्याचे अधिकार कशाला, असा त्यांचा सवाल होता. ऑगस्ट २०२२ मध्ये कौंटीच्या मंडळाने योजना फेटाळली. पाणी तुटल्यावर रहिवासी न्यायालयात गेले, तेथेही तातडीचा दिलासा मिळाला नाही. अखेर जून २०२३ मध्ये राज्याने कायदा करून तात्पुरता मार्ग काढला आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये स्कॉट्सडेलमार्गे पाणी पुन्हा सुरू झाले. कायमची व्यवस्था एपकोर या कंपनीकडे सोपविण्यात आली. ही कंपनी कोणाच्या मालकीची आहे? कॅनडातील एडमंटन शहराच्या! स्वतःची सार्वजनिक संस्था ज्यांनी नाकारली, त्यांना परदेशातील एका नगरपालिकेच्या कंपनीच्या दारी उभे राहावे लागले. याहून बोलका धडा कोणता?

स्कॉट्सडेलने कायदा मोडला नाही, हे खरे आहे. आपल्या करदात्यांचे हित पाहणे हे त्याचे कर्तव्यच. परंतु जे शहर स्वतः दूरच्या नदीवर आणि दुय्यम हक्कावर जगते, त्याने शेजाऱ्याची तहान ही परक्याची गोष्ट मानणे शहाणपणाचे नव्हे. आज पायथ्याच्या वस्तीला जे ऐकावे लागले, ते उद्या त्याला ऐकावे लागणार नाही याची हमी कोण देईल? रहिवाशांच्या हट्टालाही दोष आहेच. तथापि आमच्या मते खरा दोष राज्याच्या विधिमंडळाचा आहे. पळवाट ठाऊक असूनही वर्षानुवर्षे तिच्याकडे डोळेझाक झाली आणि तिची किंमत भूखंड पाडून निघून गेलेल्याने नव्हे, तर तेथे संसार मांडलेल्याने मोजली.

१ जून २०२३ रोजी राज्य सरकारनेच जाहीर केले की, फिनिक्स परिसरातील भूजलाच्या मागणीपैकी सुमारे चार टक्के मागणी पुढील शंभर वर्षांत भागणार नाही. सबब केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना शाश्वतीचे दाखले मिळणार नाहीत. निर्णय कठोर होता, पण योग्य होता. मात्र मोठ्या बांधकाम व्यावसायिकाला थांबवायचे आणि पाच-पाच भूखंडांच्या वाटेने तेच पाणी उपसू द्यायचे, हा न्याय नव्हे. नियम एका घरालाही लागू झाला पाहिजे.

वाळवंटात घर बांधू नये, असे आमचे म्हणणे नाही. होहोकामांनी बांधले, धरणवाल्या शेतकऱ्यांनी बांधले. पण त्यांनी आधी कालवा खोदला, आधी जमीन तारण ठेवली. आकाश, एकान्त आणि अंगण प्रत्येकाला आपापल्या पैशाने विकत घेता येते. पाणी मात्र अनेकांनी एकत्र बसून, वाटून आणि प्रसंगी एकमेकांचे बंधन पत्करूनच मिळवावे लागते. ज्या स्वातंत्र्याला हे बंधन सोसत नाही, त्याचे आयुष्य अंगणातील टाकीएवढेच असते.