शिचिरिन : हलक्या शेगडीची रचना

मातीची शेगडी तंबूतील मुक्कामास न्यावयाची म्हटल्यास पहिली अडचण वजनाची. उष्णता टिकावी म्हणून भिंत जाड करावी, तर ओझे वाढते. जपानमधील शिचिरिन शेगडीत हा पेच मातीच्या निवडीनेच सोडविला आहे. नोतो द्वीपकल्पातील सुझू येथे डायाटम या सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची माती सापडते. तिचे ठोकळे खाणीतून अखंड कापून काढतात, कोरतात व मग भाजतात. भुकटी साच्यात दाबून केलेली शेगडी स्वस्त पडते, पण टिकाऊपणात उणी. (१ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तेथील भट्ट्यांची मोठी हानी झाली.) सूक्ष्म छिद्रांत हवा कोंडलेली असल्याने भिंत हलकी राहते आणि उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही; आतील पृष्ठभाग तापून धग पदार्थाकडे परतवितो. त्यामुळे थोडा कोळसा पुरतो. तळाशी हवेची सरकती झडप, तीवर भोकांची चकती, एवढीच यंत्रणा.

दोषही याच गुणातून उद्भवतो. सच्छिद्र माती पाणी शोषते. भिजलेली शेगडी एकदम तापविल्यास तडकते. म्हणून निखारे पाण्याने न विझविता झाकणाच्या भांड्यात कोंडावेत. बंद तंबूत मात्र ही शेगडी पेटवूच नये. कोळशापासून निघणाऱ्या प्राणघातक कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.