सहा सेंटिमीटरची करामत

पेनाचं टोपण काढा. एका हातात पेन, दुसऱ्यात टोपण, दोन्ही हात अंगापासून लांब धरा. आता एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून पेनावर बसवा. बहुतेकांचं पहिल्या फटक्यात चुकतं. टोपण पेनाच्या पुढून तरी जातं किंवा मागून. मिटलेला डोळा उघडा, मग बघा! इतकं सोपं काम मघाशी का जमत नव्हतं, तेच कळत नाही.

घरी मुलांसाठी व्हीआरचं, म्हणजे आभासी वास्तवाचं, सायन्स किट आलं असेल, तर ॲप डाउनलोड करायच्या आधी हा खेळ करून घ्या. त्या खोक्यातली निम्मी गंमत या टोपणात आहे.

खोक्यात असतं काय? डोळ्यांवर लावायचा एक गॉगल, चित्रांचं पुस्तक, प्लॅस्टिकचे पेले, ड्रॉपर, कसल्या कसल्या पुड्या. आमच्या भाच्याने आधी गॉगलच उचलला, आत डोकावला आणि खट्टू होऊन म्हणाला, “आत्या, यात काहीच नाहीये!” पोरगं बरोबर बोललं. ना बॅटरी, ना वायर, ना पडदा. दोन भिंगं आणि त्यांच्या मधोमध एक आडभिंत, संपलं. २०१४ साली गूगलच्या पॅरिसच्या कार्यालयातल्या डेव्हिड कोझ आणि डेमियन हेन्री यांचा पुठ्ठ्याचा गॉगल जगासमोर आला. नावही तेच, ‘कार्डबोर्ड’. गूगलने २०२१ मध्ये त्याची विक्री बंद केली, पण मुलांच्या स्वस्त किटांमध्ये जो गॉगल येतो त्याची बांधणी आजही तशीच असते. मोबाइल आत सरकवायचा, गॉगल डोळ्यांना लावायचा, की सोफ्याच्या जागी ज्वालामुखी!

आता मला सांगा, हा ज्वालामुखी असतो कुठे?

मोबाइलवर तर नाही. खात्री करायची असेल तर मोबाइल बाहेर काढून बघा. शेजारीशेजारी दोन सपाट चित्रं, जवळजवळ सारखी. आणि सगळी मेख त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. अंगठा नाकासमोर धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर उड्या मारतो. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, मुलांमध्ये त्याहून कमी. सहा सेंटिमीटर धरू. एवढ्याशा अंतरामुळे दोन्ही डोळे जग दोन वेगळ्या जागांवरून बघतात. साठ सेंटिमीटरवरच्या पुस्तकाकडे बघताना दोन्ही नजरांमध्ये जवळपास सहा अंशांचा कोन होतो. सहा मीटरवरच्या दारासाठी अर्ध्या अंशाच्या थोडा वर. सहाशे मीटरवरच्या टेकडीसाठी अंशाच्या दोनशेव्या भागाच्या जेमतेम वर. या फरकांवरून मेंदू जवळ काय नि लांब काय ते ठरवतो, तेही तुम्हाला न विचारता, दिवसभर.

मग कुणी असे खोटे फरक मुद्दाम तयार करून डोळ्यांना दिले तर? चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. १८३८ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक यंत्र मांडलं. दोन आरसे, दोन बाजूंना दोन चित्रं, प्रत्येक डोळ्याला एकेक. साल लक्षात घ्या. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तो १८३९ मध्ये. म्हणजे व्हीट्स्टनकडे फोटो नव्हताच. त्याने साध्या रेघांची चित्रं काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसं, दुसरं उजव्या. ना छाया, ना रंग. तरीही रेघा कागदावरून उठून हवेत उभ्या राहिल्या! आपला व्हीआर फोटोपेक्षाही जुना आहे, म्हणा ना.

पण याहून थक्क करणारा प्रयोग सव्वाशे वर्षांनी झाला. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बेला युलेस यांनी १९६०च्या सुमारास संगणकाकडून दोन चित्रं करून घेतली. दोन्हींत नुसते काळेपांढरे ठिपके, कसेही विखुरलेले. डाव्या डोळ्याने बघा, ठिपके. उजव्याने बघा, ठिपके. दोघांनी मिळून बघा, आणि मधला एक चौकोन चक्क वर उचलला जातो! एका चित्रातले मधले ठिपके तेवढे किंचित सरकवलेले होते. आता हा चौकोन डाव्या चित्रात नाही, उजव्या चित्रातही नाही. जगात कुठेही तो छापलेला नाही. तो फक्त बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो. भाच्याचा ज्वालामुखीही तिथेच असतो.

बरं, मग भिंगं कशाला? बोट डोळ्यापासून चारपाच सेंटिमीटरवर आणा. धूसर दिसतं ना? इतक्या जवळचं स्पष्ट बघणं डोळ्याला झेपत नाही. भिंग किरणांना वळवून डोळ्याची समजूत घालतं, की पडदा लांब आहे. पण त्या नादात ते एक खोडी करतं. सरळ रेघा मधोमध आत दबल्यासारख्या वाकवतं. यावर उपाय काय शोधलाय बघा. ॲप आधीच चित्र उलट्या बाजूने फुगवून ठेवतं. फुगलेलं चित्र दबवणाऱ्या भिंगातून गेलं की सरळ! मोबाइल बाहेर काढल्यावर ती दोन चित्रं गोलसर, पोट सुटल्यासारखी दिसतात ती यामुळेच. (जाता जाता एक गंभीर सूचना. ही भिंगं सूर्यकिरण एकवटतात. त्यामुळे हा गॉगल घालून सूर्याकडे कधीच बघायचं नाही, आणि तो खिडकीत उन्हात ठेवायचाही नाही.)

इथवर जे झालं ते जुन्या जत्रेतल्या डब्यातही होऊ शकलं असतं. खरी कमाल मान वळवल्यावर. तुम्ही डावीकडे बघता, तर ज्वालामुखी उजवीकडे सरकतो आणि डावीकडचं जंगल समोर येतं. मोबाइलला कळलं कसं?

त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतो. बागेतल्या फिरत्या चकतीवर उभं राहून समोरच्या मित्राकडे चेंडू सरळ टाकून बघा. चेंडू सरळ जातच नाही, बाजूला भरकटल्यासारखा वाटतो. मोबाइल वळला की तो थरथरता तुकडाही तसाच किंचित बाजूला ढकलला जातो. त्या ढकलण्यावरून फोन किती वळला ते मोजलं जातं. हा जायरोस्कोप. काही स्वस्त मोबाइलमध्ये तो नसतो, आणि मग गॉगल कितीही भारी आणा, मान वळवली तरी जग जागचं हलत नाही. किट घेण्याआधी हे जरूर तपासा. दुसरा एक संवेदक गुरुत्वाकर्षणावरून ‘खाली’ कुठे ते सांगतो. सगळी मोजमापं करून नवं चित्र काढायला वेळ किती? डोकं वळल्यापासून साधारण वीस मिलिसेकंदांच्या आत चित्र बदललं पाहिजे. त्याहून उशीर झाला की मेंदूला संशय यायला लागतो.

संशय घेणारा साक्षीदार कानात बसलेला असतो. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या आहेत, द्रवाने भरलेल्या आणि एकमेकींशी जवळपास काटकोनात. मान कुठल्याही दिशेला वळो, कुठल्यातरी नळीतला द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला बातमी पोचते. आता मोबाइलचा जायरोस्कोप किती दिशांनी मोजतो? तीन! तेही काटकोनात. इंजिनिअरांनी कानाची नक्कल केली नव्हती, पण अवकाशालाच तीन दिशा असल्यावर दुसरी जुळणी कुठून आणणार?

डोळे सांगतात की आपण रोलर कोस्टरवरून कोसळतोय. कान सांगतात की आपण खुर्चीत बसलोय. भांडण पोटात उतरतं आणि मळमळतं. पोटातच का, याबद्दल मिशेल ट्राइसमन यांनी १९७७ मध्ये एक भन्नाट कल्पना मांडली. उत्क्रांतीच्या काळात डोळे आणि कान यांचा असा मेळ बिघडायचा तो मुख्यतः काहीतरी विषारी खाल्ल्यावर, म्हणून शरीर आधी पोट रिकामं करू बघतं. सिद्ध झालेली गोष्ट नाही, पण मुलांना जाम आवडते. माझं मत विचाराल तर रोलर कोस्टरची ॲपं सरळ बाजूला ठेवा. मुलाला खुर्चीत बसवा, पाचसात मिनिटांत गॉगल काढायला लावा, आणि खोक्यावर लिहिलेली वयाची अट पाळा. गॉगलमधली भिंगं मोठ्यांच्या डोळ्यांच्या अंतराने बसवलेली असतात.

आणि मधल्या वेळात हात कामाला लावा. भाचा गॉगल लावून ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा असताना मी त्याच्या हातात पेला दिला. पेल्यात खाण्याचा सोडा होता, वरून व्हिनेगर ओतलं. फसफसून फेस आला, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटायला लागले, आणि तो ओरडला, “गार लागतंय!” डोळ्यांसमोर लाव्हा उकळतोय आणि पेला मात्र थंड! सोडा आणि व्हिनेगर यांची अभिक्रिया आजूबाजूची उष्णता शोषून घेते. ॲपमध्ये प्रयोग समजावणारा प्राध्यापक कितीही हातवारे करून ओरडला तरी ही गोष्ट त्याला मुलाच्या तळहातापर्यंत पोचवता आली नसती. शिवाय तिखट वास, टेबलावर सांडलेला फेस आणि त्यानंतरचं पुसणं, हे सगळं फुकट.

अशा किटांमधला ज्वालामुखी हमखास शंकूच्या आकाराचा असतो. आपल्या पायाखालचा तसा नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा पसरत गेला, थरावर थर. आजही जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर तो काळा बेसॉल्ट पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे तेच थर. यासाठी किटमध्ये ॲप नाही. मग काय, गॉगलमध्ये घालायचं चित्र आपणच बनवायचं!

मोबाइलने समोरच्या वस्तूंचा एक फोटो काढा, डाव्या पायावर भार देऊन. मग भार उजव्या पायावर घ्या आणि दुसरा काढा. मोबाइल साधारण सहा सेंटिमीटर सरकला, म्हणजेच एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे गेला. फोटो-जोडणीच्या कुठल्याही ॲपमध्ये डावा डावीकडे, उजवा उजवीकडे ठेवा आणि गॉगलमधून बघा. आपलंच स्वयंपाकघर खोल होऊन समोर उभं राहतं. आता मुद्दाम अदलाबदल करा. ओट्यावरचं पातेलं आतबाहेर उलटतं, जवळचं लांब जातं! पण आजीचा चेहरा काही केल्या उलटत नाही. खड्डा झालेला चेहरा मेंदू मान्यच करत नाही, इतकी त्याला बाहेर आलेल्या नाकांची सवय.

मग खरा प्रश्न येतो. सहा सेंटिमीटरच का? डोळे आणखी लांब असते तर? आगगाडीच्या खिडकीतून दीड किलोमीटरवरचा डोंगर बघा. गाडी ताशी साठ किलोमीटरने धावत असेल, तर तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंदांच्या फरकाने दोन फोटो काढले की झालं, तुमच्या दोन डोळ्यांमध्ये पन्नास मीटर! एरवी सपाट पडद्यासारखा दिसणारा सह्याद्री एकदम घड्या-घड्यांचा होतो, लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे पुढे येतात, आणि डोंगर टेबलावर मांडलेल्या खेळण्याएवढा वाटतो. पन्नास मीटरवर डोळे असलेल्या राक्षसाला तो तसाच दिसेल, नाही का?

चंद्रासाठी आगगाडी पुरत नाही. पण चंद्र आपल्याला एकच बाजू दाखवताना थोडा डोलतो, इतका की कालांतराने पृथ्वीवरून त्याचा ५९ टक्के भाग बघता येतो. वॉरन डे ला रू याने १८५०च्या दशकातच हे हेरलं. दोन वेगळ्या वेळी, चंद्र वेगवेगळा कललेला असताना काढलेले फोटो त्याने शेजारी मांडले, आणि चकती फुगून गोळा झाली.

ताऱ्यांसाठी? प्लूटोला भेट देऊन पुढे निघालेलं न्यू होरायझन्स यान एप्रिल २०२० मध्ये सुमारे सातशे कोटी किलोमीटरवर होतं. तिथून त्याने ४.२ प्रकाशवर्षांवरच्या प्रॉक्झिमा सेंटॉरीचा फोटो काढला, आणि त्याच सुमारास पृथ्वीवरूनही काढला गेला. एक डोळा इथे, दुसरा तिथे. ‘क्वीन’ बँडचा गिटारवादक आणि खगोलशास्त्रज्ञ ब्रायन मे याला सोबत घेऊन शास्त्रज्ञांनी त्या फोटोंच्या जोड्या केल्या. नासाने त्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. मोबाइलवर घ्या, गॉगलमध्ये सरकवा. प्रॉक्झिमा बाकीच्या ताऱ्यांपासून सुटून अलीकडे येऊन थांबतो. मागचे तारे मात्र जागचे तसूभरही हलत नाहीत, त्यांना सातशे कोटी किलोमीटरही कमी पडतात.