लोणावळा लोकल आणि पंधरा शून्यं

लोणावळ्याहून पुण्याची लोकल सुटली. आत २००० माणसं धरा. ६४ किलोमीटरवर पुणे. उतरली किती? फार तर १००! बाकीची १९०० वाटेतच खलास. दचकू नका, ही लोकल तुमच्या-आमच्या छातीच्या हाडामागची. तिचं नाव थायमस ग्रंथी. प्रवासी म्हणजे कोवळ्या टी पेशी. ग्रंथीतल्या परीक्षेत नापास झाली ती गेली. ग्रंथीचं वजन ऐन वयात येतानाही जेमतेम लिंबाएवढं.

पण कारभार बघा! शत्रू ओळखायचे या पेशींचे साचे किती तऱ्हांचे होऊ शकतात? एकावर पंधरा शून्यं. तऱ्हेमागे राजगिऱ्याचा एक दाणा ठेवू, घन मिलिमीटरभर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा अठ्ठावीसशे विहिरी काठोकाठ!

या ग्रंथीलाही गाठ येते, थायमोमा. अमेरिकेतल्या नोंदींनुसार वर्षाला १० लाखांत एखाद-दुसऱ्याला. चला, १० लाख माणसं रुळाकाठी अर्ध्या-अर्ध्या मीटरवर उभी करू. मुंबई-पुणे १९२ किलोमीटर भरले. पुण्याहून परत मुंबई, तेही भरलं. तरी रांग उरलीच, ती कर्जत ओलांडून बोरघाट चढू लागली. एवढ्यांत एखाद-दुसरा!

थायमोमावरचं एक औषध निघालं चिमूटभर मातीतून. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याजवळची माती, तिच्यातला स्ट्रेप्टोमायसिस प्यूसेटियस हा जिवाणू, आणि त्याच्यापासून डॉक्सोरुबिसिन, गाठींवर चालणारं अँटिबायोटिक. त्याच घराण्यातला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना तर आपल्या पिंपरीचा! तिथल्या एच.ए. म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कंपनीत शास्त्रज्ञ तिरुमलाचार यांना सापडलेला. त्याचं हॅमायसिन बुरशीवर चालतं. जिवाणूला गावाचं नाव, औषधाला कंपनीचं. असा मान किती गावांना मिळतो?

डॉक्सोरुबिसिनचा एका वेळचा डोस साधारण ८० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाचे चारेक दाणे. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बळावलेल्या थायमोमाच्या ३० रुग्णांना ते आणखी दोन औषधांच्या जोडीनं दिलं होतं. निम्म्यांच्या गाठी आक्रसल्या.

तीसच रुग्ण? नाक मुरडू नका. २०११ च्या जनगणनेत लोणावळ्याच्या मावळ तालुक्यात पावणेचार लाखांवर माणसं होती. तोच दर लावला तर दोन वर्षांत एक रुग्ण. पिंपरीत १९५५ साली पेनिसिलिन निघू लागलं, तेव्हा मावळासाठी वही उघडली असती, आणि वस्ती तेव्हापासूनच एवढी धरली, तरी तिसावं नाव २०१५ साली लिहावं लागलं असतं.