शिमग्यात संकासुर दारात आला की कुत्रं का बिथरतं? आधी काय करायचं आणि चावलंच तर काय करायचं, वाचा सविस्तर

रत्नागिरी : फाकपंचमी झाली की कोकणातल्या वाड्यावाड्यांत शिमग्याची लगबग सुरू होते. पालखी घरोघर फिरते, नमन-खेळे येतात, गोमू नाचते आणि संकासुर घुंगरं वाजवत खळ्यात उतरतो. घरची माणसं हात जोडतात, पोरं आधी घाबरतात आणि मग मागे लागतात. पण दारातलं कुत्रं? ते भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतं. कुणाचं पडवीखाली दडून बसतं, तर कुणाचं थेट अंगावर जातं.

मग कुणाच्या पोटरीला दात लागतात. कुत्र्याच्या पाठीत काठी बसते. खेळे आणि घरमालक यांच्यात सणाच्या दिवशी बोलाचाली होते, ती पुढे वर्षभर निघत राहते. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी कुत्र्याला काय दिसतं, काय ऐकू येतं, हे आधी समजून घ्यायला हवं.

कुत्र्याला समोर माणूस दिसतच नाही

कुत्रं आपल्याला वासावरून, आवाजावरून, चालीवरून आणि अंगाच्या ठेवणीवरून ओळखतं. आता संकासुराचं सोंग बघा. काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंड झाकलेलं, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. माणसाची उंची बदलली, चेहरा गेला, डोळे दिसेनात, चाल बदलली. अंगाला रोजचा वास नाही, कपड्यांना पेटीतला वास. आत शेजारचाच बंड्या असला तरी कुत्र्याच्या लेखी तो अनोळखी.

त्यात ढोल-ताशा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पुढचा. आपल्याला जेमतेम ऐकू येणारा बारीक आवाजही त्याला लांबून ऐकू येतो. असा गोंगाट करत एक अनोळखी आकृती, मागे पन्नास माणसं घेऊन, त्याच्या राखणीच्या जागेत शिरते. अशा वेळी कुत्रं भुंकलं तर त्यात त्याचा माज नसतो, बहुतेक वेळा भीती असते.

ही गोष्ट फक्त संकासुराची नाही. चिपळ्या वाजवत येणारा वासुदेव, आसूड ओढणारा पोतराज, बहुरूपी, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यातले मुखवटे, या सगळ्यांच्या बाबतीत हेच होतं.

चार महिन्यांच्या आतलं पिल्लू नवीन गोष्टी पटकन स्वीकारतं. विशेषतः तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत जे जे दिसलं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. त्या वयात गर्दी, ढोल, टोपीवाली माणसं बघितली नसतील तर मोठेपणी त्याची भीती जास्त. कायम साखळीला असलेल्या कुत्र्याचं तर असंच होतं. म्हातारं, डोळ्यांनी अधू किंवा दुखणाईत कुत्रंही लवकर चिडतं.

चावण्याआधी कुत्रं सांगतं, आपण ऐकत नाही

कुत्रं सहसा एकाएकी चावत नाही. आधी खुणा करतं :

- शेपूट पायांत घालतं, कान मागे पाडतं
- समोर खायला नसताना ओठ चाटतं, झोप नसताना जांभया देतं
- मान वळवतं, पण डोळ्यांच्या कडेने बघत राहतं, डोळ्यांचं पांढरं दिसतं
- अंग ताठ करून जागीच थिजतं
- मग गुरगुरतं, दात दाखवतं

शेपूट हलतंय म्हणजे कुत्रं खुशीत आहे, असं समजू नका. ताठ, उंच धरलेलं शेपूट भराभर हलत असेल तर ते तणावात असू शकतं.

आणि एक महत्त्वाचं. गुरगुरलं म्हणून कुत्र्याला मारू नका. गुरगुरणं म्हणजे 'लांब राहा' हा इशारा. मार खाऊन खाऊन कुत्रं इशारा देणं सोडतं, भीती मात्र तशीच राहते. असं कुत्रं मग गुरगुरल्याशिवाय थेट चावतं.

सणाआधी तीन आठवडे : ओळख करून द्या

रोज दहा मिनिटं पुरतात. खर्च काही नाही. मानाचा पोशाख कुत्र्यापुढे टाकायचा नाही, हे उघड आहे. घरातली काळी घोंगडी, पुठ्ठ्याची उंच टोपी, कापसाची दाढी, बैलाच्या गळ्यातली घुंगरं चालतील. शिवाय कुत्र्याला आवडणारं काहीतरी हवं : उकडलेल्या अंड्याचे तुकडे, कोंबडीचं बिनहाडाचं मटण, नाहीतर भाकरीचा तुकडा.

१. टोपी आणि घोंगडी खळ्यात जमिनीवर ठेवा. कुत्र्याला ओढत नेऊ नका. ते आपणहून येऊन वास घेईल. घेतला की खायला द्या.

२. घुंगरं लांबून, हळू वाजवा आणि लगेच तुकडा टाका. आधी आवाज, मग खाणं, हाच क्रम ठेवा. ढोलाच्या आवाजासाठी मोबाईलवर गेल्या वर्षीच्या पालखीचा व्हिडिओ लावा. पहिल्या दिवशी आवाज अगदी बारीक, मग दिवसागणिक थोडा वाढवा.

३. घरातल्याच माणसाने कुत्र्यासमोर, त्याच्याशी बोलत बोलत टोपी घालायची आणि काढायची. 'अरे मीच आहे' हे कुत्र्याला आवाजावरून कळतं.

४. मग टोपी, दाढी, घोंगडी घालून लांबवर उभं राहायचं. दुसऱ्याने कुत्र्याला खायला द्यायचं. नंतर दोन पावलं चालायचं. शेवटी गडग्याबाहेरून आत यायचं.

कुत्रं खायचं थांबलं, ताठ झालं किंवा मागे सरलं, तर समजा आपण घाई केली. अंतर वाढवा, आधीच्या पायरीवर परत या. बळजबरीने धरून 'बघ, काही करत नाही' असं दाखवू नका. त्याने भीती दुप्पट होते.

पूर्वी कुणाला चावलेलं कुत्रं असेल तर हा प्रयोग घरच्या घरी करू नका. सणाच्या दिवशी ते आत ठेवणं हाच उपाय. जनावरांच्या डॉक्टरांशीही बोला. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

पालखी येण्याच्या दिवशी

बहुतेक घरांत कुत्रं पुढच्या दारात, तुळशीजवळ बांधलेलं असतं. सणाच्या दिवशी हीच जागा सगळ्यात वाईट. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. पळता आलं नाही की दातांशिवाय त्याच्याकडे काही उरत नाही.

- पालखी वाडीत शिरायच्या अर्धा तास आधी कुत्र्याला मागच्या खोलीत किंवा गोठ्यात न्या. दार नीट लावा, ओळखीचं गोणपाट टाका, पाणी ठेवा.
- त्याआधी एक फेरफटका मारून आणा. दमलेलं कुत्रं लवकर शांत होतं.
- शक्य असेल तर घरातलं एक माणूस त्याच्याजवळ बसू दे. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने ते बिघडत नाही.
- भांग, दारू किंवा माणसाच्या झोपेच्या गोळ्या अजिबात देऊ नका. जिवावर बेतू शकतं. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर औषध देतात, ते आधी विचारून घ्या.
- पालखी पुढच्या घरी गेली तरी कुत्रं लगेच सोडू नका. आवाज लांब जाऊ दे.

मुंबई-पुण्याहून येणारे चाकरमानी हल्ली कुत्रीही घेऊन येतात. फ्लॅटमधल्या कुत्र्याने ढोल कधी जवळून ऐकलेला नसतो. पट्टा हातातून सुटला तर ते रानात पळतं आणि अनोळखी गावात त्याला घर सापडत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाईल नंबर लिहा आणि पालखीच्या वेळी त्याला आतच ठेवा.

सोंग घेणाऱ्यांनी आणि पोरांनी

सोंग घेणाऱ्याने खळ्यात शिरण्याआधी 'कुत्रं बांधलंय काय वो?' एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं. कुत्रं समोर आलंच तर पळू नका, काठी उगारू नका. घुंगरं हाताने धरा, टोपी काढा, तोंड उघडं करा आणि नेहमीच्या आवाजात बोला. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून न बघता अंग थोडं तिरकं ठेवून उभे राहा आणि हळूहळू मागे सरा.

पोरांना एकच शिकवा : कुत्रं अंगावर आलं तर झाडासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही, धावायचं नाही. गंमत म्हणून कुत्र्यासमोर मुखवटा नाचवणं, त्याच्यावर रंग टाकणं, शेपटीला काही बांधणं हे घरच्यांनी थांबवायला हवं. वाडीतल्या मोकाट कुत्र्यांनाही दगड मारू नका. सकाळी दगड खाल्लेलं कुत्रं संध्याकाळी गर्दीत चावू शकतं.

चावलंच तर

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं. पण वेळेत उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. म्हणून :

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. नुसतं ओरखडलं असेल तरी.
- हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. सहसा पहिल्या दिवशी आणि त्यानंतर ३, ७ आणि २८व्या दिवशी डोस असतो. एकही चुकवू नका.
- रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर टाळाटाळ करू नका.
- कुत्रं घरचं असलं, लस दिलेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याला मारून टाकू नका. बांधून १० दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी माणसाची लस थांबवू नका.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि मग दरवर्षी एक डोस द्यायचा असतो. लसीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून शिमग्याच्या महिनाभर आधीच ती टोचून घ्या. पाळलेल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये याची काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

पालखीचा मार्ग आणि वेळ वाडीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी टाका आणि खाली एक ओळ लिहा : 'कुत्री आत बांधा.' तेवढ्याने खेळ्यांचे पायही सांभाळले जातील आणि कुत्र्याची पाठही.